पंप वाढवण्याआधी क्लचला विचारा

आज पापड-कुरडया नाहीत, शिलाईही नाही. म्हणजे शिलाई थोडी आहे, ती कशी ते पुढे कळेल. आज विषय आहे ट्रॅक्टरच्या क्लचचा आणि त्याच्या शेजारी बसलेल्या फ्लायव्हीलचा. लोखंडाचा विषय म्हणून रेडिओ बंद करू नका. आता बऱ्याच गटांकडे आणि ग्रामसंघांकडे अवजार बँका आहेत, ट्रॅक्टर आपल्या नावावर आहेत, त्यांचे हप्ते आपण भरतो. मग त्याच्या पोटात काय चाललंय, हे फक्त डायवर आणि मिस्तरीनंच का जाणावं?

आमच्या प्रभागात घाटाखाली एक गाव आहे. नाव घेत नाही, कारण तिथल्या ताईंनी तशी विनंती केली आहे. तिथल्या ग्रामसंघाकडे 42 एचपीचा ट्रॅक्टर, पेरणी यंत्र, ट्रॉली, हडंबा आणि एका मोठ्या शेतकऱ्याकडून आलेला सेकंडहँड 7 फुटी रोटाव्हेटर आहे. दोन हंगामांत तीन वेळा क्लचप्लेट जळाली. तिसऱ्यांदा जळाली ती ऐन जूनमध्ये, पहिला पाऊस पडून वापसा आला होता तेव्हा. ट्रॅक्टर मिस्तरीच्या दारात उभा, आणि गटातल्या बाया दुसऱ्याचा ट्रॅक्टर भाड्यानं लावून पेरणी करतात. हप्ता काही थांबत नाही.

मग एका मिस्तरीनं तोडगा सांगितला. "तुमच्या ट्रॅक्टरात जोरच कमी आहे. पंप वाढवून 42 चा 50 करून देतो. मोठी क्लचप्लेट टाकू, कडक स्प्रिंगांची प्रेशर प्लेट टाकू, फ्लायव्हील लेथवर घासून घेऊ. मग काही जळत नाही." बैठकीत निम्म्या बाया म्हणाल्या, करून टाका एकदाचं. निम्म्या गप्प बसल्या. कोषाध्यक्ष ताईंनी आम्हाला विचारलं, "तुम्ही सांगा, सही करू का?"

सही करायची की नाही, याआधी क्लच म्हणजे काय ते सगळ्यांना कळू द्या, असं आम्ही म्हटलं. त्या खोलीत एका कोपऱ्यात शिलाई मशीन होतं. तेच पुढे ओढलं.

शिलाई मशीनच्या उजव्या बाजूला हातानं फिरवायचं चाक असतं. त्या चाकाच्या मधोमध एक लहान गोल चकती असते. बॉबिन भरताना आपण चाक एका हातानं धरतो आणि ती चकती सैल करतो. मग पाय मारला की चाक गरगर फिरतं, पण सुई जागची हलत नाही. बॉबिन भरली की चकती पुन्हा आवळायची, सुई चालू. तायांनो, हाच क्लच. चाक म्हणजे इंजिन आणि सुई म्हणजे ट्रॅक्टरची मागची चाकं. दोघांना जोडायचं की सोडवायचं, हे ती चकती ठरवते.

आता ती चकती अर्धवट आवळून बघा. पातळ कापड असेल तर सुई चालते. गोधडीचे चार पदर ठेवले की चाक फिरतं आणि सुई अडकते. चकती आतल्या आत घसरते. ट्रॅक्टरमध्ये याला क्लच घसरणं म्हणतात. मशीनवर आपण लगेच थांबतो. ट्रॅक्टरवर डायवर थांबत नाही, उलट अजून ॲक्सिलेटर दाबतो. घसरणारी प्लेट आणि तिच्यासमोरचं लोखंड एकमेकांवर घासत राहतात, त्यातून उष्णता निघते आणि प्लेटचं अस्तर जळतं. जळालेल्या क्लचचा वास ज्यांनी एकदा घेतला आहे, त्या तो विसरणार नाहीत.

आता प्रत्यक्षात ते कसं बसवलेलं असतं ते सांगतो. इंजिनाच्या मागच्या टोकाला एक जाड, जड, गोल लोखंडी चाक असतं. ते फ्लायव्हील. त्याला चिकटून क्लचप्लेट असते, दोन्ही बाजूंना अस्तर लावलेली. तिच्या मागे प्रेशर प्लेट, म्हणजे स्प्रिंगांनी दाबणारं झाकण. आपण पाय काढलेला असतो तेव्हा स्प्रिंगा क्लचप्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरतात, आणि इंजिनाचा जोर गिअरबॉक्सकडे जातो. पेडल दाबलं की दाब सुटतो आणि प्लेट मोकळी होते. दोन भाकरींच्या मध्ये कागद धरावा आणि वरून हातानं दाबावं, इतकं ते साधं आहे.

फ्लायव्हील एवढं जड का, असा प्रश्न एका मावशींनी विचारला, आणि त्याचं उत्तर त्यांच्याच घरात होतं. जात्याची वरची तळी हलकी असती तर काय झालं असतं? मूठभर ज्वारी टाकली की खुंटा अडला असता. तळी जड असते म्हणून एकदा फिरायला लागली की तोंडात घास पडला तरी ओघात निघून जाते. इंजिनाचंही तसंच आहे. डिझेलचा भडका सलग होत नाही. ट्रॅक्टरच्या इंजिनात एका सिलिंडरमध्ये दोन फेऱ्यांत एकदाच भडका होतो. तीन सिलिंडर असतील तर दोन फेऱ्यांत तीन वेळा. दोन भडक्यांच्या मधला वेळ फ्लायव्हील आपल्या साठवलेल्या वेगावर ओढून नेतं. रोटाव्हेटरच्या पात्याखाली ढेकूळ किंवा पऱ्हाटीचं खोड आलं तरी इंजिन धाडकन बंद पडत नाही, ते त्याच्यामुळे.

जुन्या बायांना विहिरीवरची किर्लोस्करची ऑइल इंजिनं आठवत असतील. हँडल मारून चालू करायची, बाजूला भलं मोठं चाक, आणि पट्ट्यावर पंप किंवा पिठाची गिरणी. ते मोठं चाक म्हणजेच फ्लायव्हील. तेव्हा ते उघड्यावर दिसायचं, आता झाकणात गेलं आहे. (याच किर्लोस्करांच्या घरातून 1930 साली 'स्त्री' मासिक निघालं. नांगर करणाऱ्यांनी बायांसाठी मासिक काढलं, मग मासिक वाचणाऱ्या बायांनी नांगराविषयी बोललं तर काय बिघडलं!) त्या इंजिनांवर भार जास्त झाला की पट्टा घसरायचा, चर्रर्र आवाज यायचा आणि गिरणीवाला पट्ट्याला राळ लावायचा. क्लच घसरणं हे त्याच पट्ट्याचं भावंड आहे. फरक एवढाच की पट्टा डोळ्यांना दिसायचा.

एक गोष्ट इथे नीट ऐका. फ्लायव्हील ताकद निर्माण करत नाही, फक्त साठवतं. आणि साठवण वेगावर फार अवलंबून असते. फेऱ्या निम्म्या झाल्या की साठवण निम्मी होत नाही, पाव होते. म्हणून भाराखाली इंजिनाच्या फेऱ्या खूप उतरू दिल्या की ट्रॅक्टर एकदम ढेपाळतो. वरचा गिअर लावून रखडत नेण्यापेक्षा खालचा गिअर लावून फेऱ्या टिकवणं बरं.

आता मिस्तरीच्या "42 चा 50" कडे येऊ. बैठकीत आम्ही फळ्यावर हिशेब मांडला. 42 एचपीचं इंजिन मिनिटाला 2000 फेऱ्यांवर जो पीळ देतं, तो साधारण असा समजा: एक मीटर लांब पहार आडवी धरली आणि टोकाला 15 किलोचं वजन टांगलं, तर पहारीच्या दुसऱ्या टोकाला जेवढा पीळ बसेल तेवढा. 50 एचपी केले की 15 च्या जागी जवळजवळ 18 किलो. म्हणजे पाचव्या हिश्शानं जास्त. हा सगळा पीळ जातो कुठून? त्या क्लचप्लेटमधूनच. तिला हा जादा पीळ न घसरता पेलता आला पाहिजे.

प्लेटची पकड चार गोष्टींवर ठरते. स्प्रिंगा किती जोरानं दाबतात, अस्तर किती खरखरीत आहे, प्लेट केवढी मोठी आहे आणि किती बाजूंनी घासते. कंपनी क्लच बनवताना इंजिनाच्या गरजेपेक्षा थोडी जास्त पकड ठेवते, हे खरं. पण ती शिल्लक अस्तर झिजण्यासाठी, उन्हाळ्यासाठी, चिखलासाठी ठेवलेली असते. घरात अडीअडचणीला ठेवलेले पैसे असतात ना, तसे. ते आधीच पंपवाल्याला देऊन टाकले तर अडचणीला काय उरलं?

मोठी प्लेट टाकू म्हणतात. 11 इंचाच्या जागी 12 इंचाची टाकली आणि दाब तोच ठेवला, तर पकड वाढते ती साधारण अकरावा हिस्सा. आपल्याला हवा होता पाचवा हिस्सा. म्हणजे नुसती मोठी प्लेट पुरत नाही. शिवाय मोठ्या प्लेटला मोठ्या तोंडाचं फ्लायव्हील लागतं आणि प्रेशर प्लेटच्या बोल्टची भोकंही त्याच मापाची लागतात. कुठल्याही ट्रॅक्टरला कुठलीही बसत नाही.

मग उरते कडक स्प्रिंगांची प्रेशर प्लेट. पकड वाढेल, पण पेडल जड होईल. इथे त्या गावात एक गोष्ट अशी आहे की तीमुळे बैठकीचा सगळा नूर पालटला. त्या ग्रामसंघाचा ट्रॅक्टर एक ताई चालवते. प्रशिक्षण घेऊन, लायसन काढून, दोन वर्षं चालवते. ती सगळा वेळ गप्प होती. ती म्हणाली, "मी त्या मिस्तरीकडे कडक क्लचचा एक ट्रॅक्टर बघून आले. सीटवरून उठल्याशिवाय पेडल खाली जात नव्हतं. तसा क्लच बसवला तर ट्रॅक्टर मी नाही चालवू शकणार, पुन्हा गडी लावावा लागेल." खोलीत कोणी बोललं नाही. ट्रॅक्टरची ताकद वाढवायला निघालो होतो आणि आपल्याच बाईला सीटवरून उतरवत होतो. शिवाय जड पेडलचा दाब नुसता पायावर पडत नाही. रिलीज बेअरिंगवर पडतो, इंजिनाच्या क्रँकवरही पडतो आणि तेही लवकर झिजतात.

अस्तराचा एक वेगळा प्रकार मिळतो, धातू आणि सिरॅमिकच्या भुकटीच्या टिकल्यांचा. तो उष्णता जास्त सोसतो. पण तो हळुवार पकडत नाही, झटक्यानं पकडतो आणि फ्लायव्हीलचं तोंडही लवकर खातो. भरलेली ट्रॉली उठवताना असा झटका गिअरच्या दातांना आणि मागच्या हाऊसिंगला बसतो. क्लच मजबूत केला की पुढचा कमजोर भाग कोणता, हा प्रश्न उभा राहतो. क्लच घसरतो तेव्हा तो थोडाफार फ्यूजसारखं काम करत असतो. तारेच्या जागी खिळा टाकला तर फ्यूज उडत नाही, घर जळतं.

फ्लायव्हीलचं म्हणाल तर लेथवर हलकं तोंड मारून घेणं हे योग्य काम आहे, फक्त ते समजून करावं लागतं. घसरणाऱ्या प्लेटनं त्याच्या तोंडावर निळे डाग पडतात, केसासारख्या बारीक चिरा पडतात. अशा तोंडावर नवी प्लेट बसवली तर ती नीट बसत नाही. म्हणून तोंड सपाट करतात. पण किती काढायचं याला कंपनीची मर्यादा असते, आणि काही फ्लायव्हीलांना पायरी असते, तिची खोली तेवढीच राखावी लागते. चिरा खोल असतील तर घासत बसू नका, फ्लायव्हील बदला. मिनिटाला दोन हजार वेळा फिरणारं जड लोखंड आहे ते, फुटलं तर झाकण फोडून बाहेर येतं.

नाशिकला मोटारींच्या रॅली होतात. तसल्या शर्यतींसाठी गाड्या तयार करणारे इंजिनाची ताकद वाढवतात, मजबूत क्लच टाकतात आणि फ्लायव्हील मुद्दाम हलकं करतात, म्हणजे गाडी पटकन वेग घेते. त्यांच्या कामाला ते बरोबर आहे. आपल्या गावातली पोरंही मोबाइलवर ते बघतात आणि जीपवर करून बघायला निघतात. ट्रॅक्टरचं काम उलट आहे. त्याला पटकन पळायचं नाही, भाराखाली टिकायचं आहे. हलकं फ्लायव्हील ट्रॅक्टरला बसवणं म्हणजे जात्याला कागदाची तळी बसवणं.

पंपाविषयीही दोन शब्द. पंप वाढवणं म्हणजे इंजिनाला जास्त डिझेल देणं. हवा तेवढीच राहिली तर ते पूर्ण जळत नाही, काळा धूर निघतो. तो धूर म्हणजे आपले पैसे. इंजिन जास्त तापतं, पिस्टनवर आणि हेडच्या गॅस्केटवर ताण येतो. पंपाला कंपनीचं सील असतं, ते तुटलं की वॉरंटीचं बोलणंच संपतं. आणि मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 सांगतं की नोंदणी पुस्तकातल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल वाहनात करता येत नाही. अपघात झाला आणि विम्याची वेळ आली, तर हा प्रश्न ग्रामसंघाच्या अध्यक्ष-सचिवांच्या दारात येतो. मिस्तरीच्या दारात येत नाही.

तर त्या गावात शेवटी काय झालं? आधी प्लेट का जळते ते शोधायचं ठरलं. दुसऱ्या एका जुन्या, सावकाश काम करणाऱ्या मिस्तरीला बोलावलं. त्यानं ट्रॅक्टर मधून सोडवून दोन भाग केले आणि सगळ्यांना हात लावून बघायला सांगितलं. प्लेट तेलानं ओली होती. इंजिनाच्या मागचं ऑइल सील गळत होतं. तीनदा प्लेट बदलली, पण सीलकडे कोणी पाहिलंच नव्हतं. ओल्या हातानं घागरीचा गळा धरावा तशी ती पकड.

दुसरं कारण तो 7 फुटी रोटाव्हेटर. घाटाखालची पूर्णेच्या काठची काळी जमीन, ओली असली की चिकट, वाळली की दगड. अशा जमिनीत 7 फुटी रोटाव्हेटरला 55 च्या पुढचा ट्रॅक्टर लागतो. 42 ला 5 फुटी शोभतो. रोटाव्हेटरवर किती एचपी लागते याची पट्टी असते, ती वाचा. आणि लक्षात ठेवा, 42 हा आकडा इंजिनाचा आहे. मागच्या पीटीओपर्यंत त्याहून कमी पोहोचते. मध्य प्रदेशात बुदनीला केंद्र सरकारची ट्रॅक्टर तपासणारी संस्था आहे. तिच्या अहवालात त्या त्या मॉडेलची पीटीओची खरी ताकद दिलेली असते. ट्रॅक्टर घेण्याआधी विक्रेत्याकडे तो अहवाल मागा, किंवा कृषी विज्ञान केंद्रात विचारा.

तिसरं कारण पायाचं. आमची ताई रजेवर असताना जो बदली डायवर येई, तो पेडलवर पाय ठेवूनच ट्रॅक्टर चालवी. पायाचं नुसतं वजनही स्प्रिंगांचा दाब थोडा कमी करतं, आणि प्लेट सतत बारीक घसरत राहते.

ग्रामसंघानं पंपाला हात लावू दिला नाही. सील बदललं, फ्लायव्हीलचं तोंड मारून घेतलं, कंपनीच्या मापाची प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकदमच टाकलं. ट्रॅक्टर सोडवण्याची मजुरीच मोठी असते, मग शंभर-दोनशे वाचवायला जुनं बेअरिंग आत ठेवणं परवडत नाही. 7 फुटी रोटाव्हेटर विकून 5 फुटी घेतला. एकराला वेळ थोडा जास्त लागतो, हे खरं. भाडं तासावर घेतो की एकरावर, यावरून बैठकीत भांडणही झालं, आणि ते अजून मिटलेलं नाही.

घाटाविषयी बोलल्याशिवाय राहवत नाही. आपल्या जिल्ह्यात घाटावर आणि घाटाखाली येणं-जाणं रोजचं. राजूर घाटात भरलेली ट्रॉली घेऊन चढताना काही डायवर अर्ध्या क्लचवर ट्रॅक्टर जागेवर तोलून धरतात. बघणाऱ्याला कौशल्य वाटतं. त्या दोन मिनिटांत प्लेट महिन्याचं आयुष्य गमावते. थांबायचं तर ब्रेकवर थांबा, निघायचं तर पहिल्या गिअरमध्ये निघा आणि क्लच सोडून द्या. उतरताना तर याहून जपायचं. उतारावर ट्रॉलीला धरून ठेवतं ते इंजिन, आणि इंजिन आणि चाकांमध्ये क्लचच असतो. तो घसरत असेल तर इंजिनाची ती पकड तितकीच सुटते. न्यूट्रल करून किंवा क्लच दाबून घाट कधीच उतरायचा नाही. ज्या ट्रॅक्टरचा क्लच घसरतोय, तो माल आणि माणसं घेऊन घाटात न्यायचाच नाही. कापसाचा भाव एक दिवस थांबेल.

क्लच घसरतोय हे ओळखायचं कसं? भाराखाली इंजिनाचा आवाज चढतो, पण ट्रॅक्टर तेवढा पुढे जात नाही. जळका वास येतो. पेडलचं मोकळं अंतर, म्हणजे पाय ठेवल्यावर पेडल सैल जातं ते, दर आठवड्याला बघा. बहुतेक ट्रॅक्टरांत ते 20 ते 30 मिलीमीटर असतं, नक्की आकडा पुस्तिकेत आहे. ते शून्यावर आलं असेल तर पाय न ठेवताही क्लच अर्धा दाबलेलाच आहे असं समजा. हे काम पान्यानं करायचं आहे, आणि आमच्या त्या ताईनं ते दहा मिनिटांत करून दाखवलं.

दुरुस्ती करून घेताना दोन गोष्टी मागा. एक, जुना काढलेला माल. जुनी प्लेट बघितली की ती झिजली की जळाली की तेलानं भिजली, हे कळतं. दुसरं, पक्कं बिल, त्यावर पार्टचा नंबर. आणि ट्रॅक्टरच्या वहीत तारखेसोबत मीटरवरचे तास लिहा. क्लच किती महिने टिकला याला अर्थ नसतो, किती तास चालला याला असतो.

आमची वेळ संपत आली. पुढच्या वेळी हडंब्यावर काम करताना पदर, ओढणी आणि केस पट्ट्यात जाऊ नयेत म्हणून काय करायचं, ते सांगू. तोपर्यंत तुमच्या गटाकडे ट्रॅक्टर असेल तर उद्या सकाळी पेडलचं अंतर मोजून ठेवा, आणि बैठकीच्या वहीत लिहा.